माळ्यावरचं काय काय टाकू?

प्रश्न: आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, पुढच्या महिन्यात भाड्याच्या वन बीएचकेत शिफ्ट व्हायचंय. माळा गच्च भरलाय आणि सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, माळ्यापासून अजिबात नको, तिथे पहिल्याच दिवशी भांडण होणार! आधी किचन आणि औषधांचा डबा घ्या, एक्स्पायरी झालेल्या गोळ्यांवर कुणी रडत नाही. मग सासूबाईंनाच खुर्ची देऊन बसवा आणि पितळेचं एकेक भांडं हातात देऊन विचारा, हे कुणाला द्यायचं? टाकायचं का असं विचारलंत की संपलं. बंब, घंगाळं नणंदेला जाऊ दे, एखादा तांब्या ठेवा, आणि उरलेलं विकायचंच असेल तर काटा समोर लावून, लोखंडाच्या ढिगात घालून नाही, पितळेला भाव बराच जास्त असतो. जुन्या साड्या भांडेवालीला द्या. कापसाच्या गाद्या पिंजून घेता येतात, पण वन बीएचकेत चार गाद्या कशाला हो?

एक मात्र, रद्दी काढताना घराचं ॲग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डरसोबतचे कागद वेगळ्या फाईलमध्ये घालून स्वतःच्या पर्समधून न्या, टेम्पोत नको.