वाचक विचारतात: नवा माणूस घेतला, पण तो टिकत का नाही?

यावेळी पत्रं आणि मेल मिळून नव्या माणसांबद्दलच सगळ्यात जास्त आलंय. मालक विचारतायत, एचआरवाले विचारतायत, आणि एका नव्याने लागलेल्या मुलीनेही विचारलंय. सगळी घेता येणार नाहीत, पण पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय कारण तशीच बरीच आलीत.

प्रश्न: ताई, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, व्हीएमसी आणि सीएनसी टर्निंग (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीन), तीस-पस्तीस माणसं. आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेली पोरं घेतो. पगार आजूबाजूच्यांपेक्षा कमी नाही, तरी आठ-दहा दिवसांत पोरगा गायब आणि फोन बंद. आमचे सुपरवायझर म्हणतात आजकालच्या पोरांना कामच नको. काय करावं?

उत्तर: सुपरवायझर साहेबांना नमस्कार सांगा, पण काम नको असतं तर तो पोरगा साक्री नाहीतर मालेगाव सोडून चार जणांत खोली घेऊन अंबडला आला नसता ना. पगार तुम्ही बघितलात, ठीक आहे, आता तो हातात कधी पडतो ते बघा. हजेरीचा कट-ऑफ बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या 25 तारखेला असतो आणि पगार पुढच्या 7 ला. पोरगा 26 ला जॉइन झाला तर त्याची सगळी हजेरी पुढच्या हिशोबात जाते, म्हणजे पहिला पैसा दिसायला जवळजवळ सहा आठवडे. तोपर्यंत खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, येण्याजाण्याचा खर्च, हे सगळं घरून मागायचं? दहा दिवसांनी त्याच्याकडचे पैसे संपतात, शेजारच्या कंपनीत ठेकेदार आठवड्याला पैसे देतो असं खोलीतला मित्र सांगतो, आणि तो जातो. फोन बंद करतो कारण तुम्हाला काय सांगायचं हे त्याला कळत नाही. यावर उपाय फार सोपा आहे, दुसऱ्या आठवड्यात थोडा अ‍ॅडव्हान्स द्या आणि त्याने मागायची वाट बघू नका, नवा पोरगा मागत नाही, निघून जातो.

दुसरं, पगार सांगताना हातात किती ते सांगा. समजा 18,000 सांगितले, त्यात बेसिक 15,000. बेसिकच्या 12 टक्के पीएफ म्हणजे 1,800 गेले, ईएसआयचे (कामगार विमा) पूर्ण 18,000 वर 0.75 टक्क्याने 135, प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300), म्हणजे हातात 15,865. यात तुम्ही कुठेच फसवलेलं नाही, पण पहिली स्लिप बघून पोराला वाटतं फसवलं, आणि त्याला समजावायला कोणी नसतं कारण अकाउंट्सवाला आठवड्यातून दोनदा येतो. जॉइनिंगच्या आधीच कागदावर मांडून दाखवा की, पाच मिनिटांचं काम आहे. ईएसआयचं कार्ड म्हणजे आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही दवाखाना मिळतो, हेही सांगा, हे ऐकून घरचे खूश होतात आणि घरचे खूश असले की पोरगा टिकतो, माझा तरी असाच अनुभव आहे. आणि सेफ्टी शूज, गॉगल यांचे पैसे पहिल्या पगारातून कापत असाल तर आजपासून बंद करा, 1948 च्या कारखाने कायद्यातही कामगाराकडून असे पैसे घ्यायला मनाई होती.

आता शॉपवर काय होतं ते. पहिल्या दिवशी गेटवर वॉचमनकडे त्याचं नाव नसतं, अर्धा तास बाहेर. मग कोणीतरी आत नेऊन सुपरवायझरच्या ताब्यात देतं, सुपरवायझरचं डिस्पॅच अडकलेलं असतं म्हणून तो म्हणतो तिकडे डीबरिंगला बस. डिप्लोमा केलेला पोरगा चार दिवस फाइल घेऊन बर (धातूच्या कापलेल्या कडांची कुसळं) काढतो. पाचव्या दिवशी एक ऑपरेटर सुट्टीवर जातो म्हणून याला एकदम नाइट शिफ्टला मशीनवर उभं करतात, रात्री सेटर (मशीन लावून देणारा) नसतो, टूल घासतं, ऑफसेट (टूल घासलं की मशीनमध्ये बदलायचा आकडा) कुणी दाखवलेला नसतो, सकाळी ट्रेभर रिजेक्शन आणि सगळ्यांसमोर शिव्या. तुमच्याकडे अगदी असंच होत असेल असं नाही, पण यातलं निम्मं तरी होत असणार, एमआयडीसीत इतकी वर्षं पर्सोनेलचं काम केल्यावर हे मी पैजेवर सांगू शकते.

मी सांगेन ते असं करून बघा. पहिला आठवडा फक्त फर्स्ट शिफ्ट. एक मशीन, एक पार्ट, एक ऑपरेशन, आणि हातात त्याच पार्टचं ड्रॉइंग. मायक्रोमीटरने त्यानेच मोजायचं, इन्स्पेक्शन शीटवर त्यानेच लिहायचं, सेटरने फक्त तपासायचं. शनिवारपर्यंत सेटअपनंतरचा पहिला पीस त्याने स्वतः काढून क्वालिटीकडून पास करून आणला पाहिजे. तेवढं झालं की पोरगा खोलीवर जाऊन सांगतो आज माझा पीस पास झाला, तुमची टी-शर्ट आणि पेन दिल्यावर असं कोणी सांगत नाही.

यात एक गोम आहे आणि ती मालकांच्या लक्षात येत नाही. शिकवणारा ऑपरेटर किंवा सेटर स्वतः प्रॉडक्शन इन्सेंटिव्हवर असतो. नव्याला दाखवत बसला तर त्याचे नग कमी होतात आणि खिशातले पैसे जातात, मग तो कशाला शिकवेल, तो म्हणणारच बाजूला उभा राहून बघ. त्या आठवड्यापुरतं त्याचं टार्गेट कमी करा नाहीतर इन्सेंटिव्ह सरासरीने धरा, आणि पोरगा तीन महिने टिकला तर शिकवणाऱ्यालाही काहीतरी द्या. हे न करता नुसतं बोर्डावर नव्यांना सहकार्य करा लिहून काही होत नाही. अजून एक, मशीनचा डोअर इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करून चालवत असाल (बरेच चालवतात, माहितीये मला) तर नवा माणूस पहिल्याच दिवशी हेच शिकतो की इथे नियम भिंतीवर लावायचे असतात. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते दाखवायच्या आधी तो इंटरलॉक नीट करून घ्या.

प्रश्न: मी हिंजवडीतल्या एका मध्यम आयटी कंपनीत एचआरला आहे. ऑफर स्वीकारलेले लोक नोटीस पीरियडमध्ये दुसरीकडे जातात, जॉइनिंगच्या दिवशी कळतं. जे येतात त्यांना आम्ही वेलकम किट देतो, दिवसभराचं इंडक्शन असतं, केक असतो, तरी दोन महिन्यांत सर्व्हेमध्ये लिहितात की कंपनीत एकटं वाटतं. चुकतं कुठे?

उत्तर: केकची चूक नाही बिचाऱ्याची. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड म्हणजे तीन महिने माणूस बाजारात उघडा आहे, रोज कोणी ना कोणी त्याला फोन करतंय, आणि तुमच्याकडून येतो तो फक्त डॉक्युमेंट अपलोड करा असा ऑटोमॅटिक मेल. त्या तीन महिन्यांत त्याच्या होणाऱ्या मॅनेजरने दोन-तीनदा फोन करायला हवा, तुम्ही नाही, मॅनेजरने. प्रोजेक्ट काय चाललंय, तू आल्यावर कुठला भाग घेणार, टीममध्ये कोण आहे, इतकंच. मॅनेजर म्हणेल वेळ नाही, तर त्याला विचारा की जॉइनिंगच्या दिवशी सीट रिकामी राहिली तर परत इंटरव्ह्यू घ्यायला वेळ आहे का.

इंडक्शनचं म्हणाल तर कंपनीचा इतिहास, संस्थापकांचा प्रवास, सात मूल्यं, असं सगळं आठ तास ऐकून झाल्यावर माणसाला जे हवं असतं ते शेवटपर्यंत मिळत नाही, लॅपटॉप आला का, व्हीपीएन चालतं का, कोडच्या रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेस कोण देतं, रजा कुणाला सांगायची, जेवायला कोणाबरोबर जायचं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन कुठे बसू म्हणून बघत उभं राहणं फार वाईट असतं, आणि हायब्रिडमध्ये तर टीमच त्या दिवशी घरून काम करत असते. म्हणून जॉइनिंगची तारीख टीम ऑफिसात असेल त्या दिवसाची ठेवा, सोमवारच हवा असं काही नाही, सोमवारी सगळे वैतागलेलेच असतात. अ‍ॅक्सेसच्या रिक्वेस्ट आठवडाभर आधी टाका. आणि पहिल्या आठवड्यातच काहीतरी छोटं खरं काम द्या, एखादा लहानसा बग, पण खरा, जो फिक्स होऊन प्रॉडक्शनला जाईल. इतिहास नंतर सांगा, पळून जात नाही तो.

प्रश्न: मी नुकतीच एका कारखान्यात क्वालिटीला लागलेय. शॉप फ्लोअरवर मी एकटीच मुलगी. लेडीज वॉशरूम ऑफिस बिल्डिंगमध्ये दुसऱ्या टोकाला आणि किल्ली सिक्युरिटीकडे, दरवेळी मागावी लागते. लगेच तक्रार केली तर नखरे आहेत म्हणतील. थांबू का?

उत्तर: अजिबात थांबू नकोस, आणि पाणी कमी पिऊन दिवस काढू नकोस, त्याने आजारी पडशील. एचआरला साधा दोन ओळींचा मेल टाक, वॉशरूम कुलूप न लावता उघडं राहील आणि शॉपच्या जवळ सोय होईल असं बघावं. तक्रार शब्दच वापरू नकोस, विनंती लिही, पण लेखी. बायकांसाठी वेगळी सोय कायद्यात पहिल्यापासून आहे, म्हणजे तू काही जास्तीचं मागत नाहीयेस. त्याच मेलमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत कोण कोण आहे तेही विचारून घे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ही समिती लागतेच, तिची अध्यक्ष बाईच असावी लागते आणि माहिती दिसेल अशी लावावी लागते. काही झालंय म्हणून नाही, नवीन आहे म्हणून विचारतेय असंच लिही.

आणि जे मालक हे वाचतायत त्यांच्यासाठी, पहिली मुलगी शॉपवर घ्यायची ठरवलीत तर ती यायच्या आधी ती किल्ली सिक्युरिटीकडून काढून घ्या. सत्कार, गुलाबाचं फूल, ग्रुप फोटो यातलं काही नाही केलं तरी चालेल.

प्रश्न: आमची पतसंस्था आहे, कराडजवळ. नवे क्लार्क शिकून निघून जातात म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घ्यायचं ठरतंय. योग्य आहे का?

उत्तर: नाही. झेरॉक्स घ्या, ओरिजिनल बघून लगेच परत द्या. ज्याची मार्कशीट तुम्ही कपाटात ठेवलीत तो पहिल्या दिवसापासून ती सोडवून कशी न्यायची याच विचारात असतो. प्रशिक्षणाचा खरंच मोठा खर्च होत असेल तर वाजवी रकमेचा, वाजवी मुदतीचा बॉण्ड लेखी करा, सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास 2 लाख भरायची अट मान्य केलीय, पण ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च तिने मांडला होता, तुमच्या क्लार्कला शेजारच्या टेबलावर बसवून शिकवलं त्याचे 2 लाख होत नाहीत. वकिलाला विचारून घ्या. आणि अपॉइंटमेंट लेटर देता का? 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात लेटर सगळ्यांना द्यावं लागतं.

प्रश्न: नव्या माणसाचा पीएफ नंबर काढताना नेहमी नावाचा घोळ होतो, दोन-दोन महिने जातात. (अकाउंटंट, गोकुळ शिरगाव)

उत्तर: आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव नुसतं अक्षरात, लग्न झालेल्या मुलीचं तर तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. पीएफ आधारप्रमाणे चालतं, म्हणून ऑफर देतानाच आधार मागवून तेच स्पेलिंग सगळीकडे वापरा, आणि आधारच चुकीचं असेल तर जॉइनिंगच्या आधी दुरुस्त करायला सांगा. आधी कुठे नोकरी केली असेल तर जुना यूएएनच (पीएफचा कायमचा नंबर) घ्या, नवीन काढू नका, आणि आधीच्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली का ते माणसालाच पोर्टलवर बघायला लावा, ट्रान्सफर तिथेच अडकतं. पहिलीच नोकरी असेल तर ऑगस्ट 2025 पासून नवा नंबर सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून निघतो. बऱ्याच पोरांच्या फोनला ते अ‍ॅप नीट चालत नाही, तर ऑफिसातल्या फोनवर तुम्ही समोर बसून करून द्या.