गुरू नाही, नोटेशन येत नाही, तरी युक्रेनियन नाचाच्या बँडमध्ये माणूस आयुष्यभर वाजवतो कसा?

तुमचा प्रश्न असा की जुने युक्रेनियन वादक शिकले कुणाकडे, आणि नोटेशनवाचून त्यांचं अडत कसं नाही. मी कॅनडात, एडमंटनला राहतो. आमचे शेजारी, ज्यांना अख्खी गल्ली 'दीदो' म्हणजे आजोबा म्हणते, आठवडाभर शेती करायचे आणि शनिवारी लग्नात त्सिंबाली वाजवायचे. पुढचं बरंचसं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

त्सिंबाली संतूरच्या घराण्यातली. एकेका सुराला तीन ते पाच तारा, हातांत दोन लाकडी काठ्या. घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, अशा जागी बसवलेली की तारेच्या उजव्या अंगाला सा वाजला तर डाव्या अंगाला त्याच तारेवर प. हिवाळ्यात उणे तीसमधून गरम हॉलमध्ये आणली की सगळ्या तारा उतरतात किंवा चढतात. मग पाहुणे जेवत असताना हा बाबा कोपऱ्यात खुंट्या पिळत बसलेला!

पश्चिम युक्रेनकडच्या गॅलिशिया आणि बुकोविना भागांतले शेतकरी १८९१ पासून कॅनडात येऊ लागले, १९१४ पर्यंत सुमारे १,७०,००० आले. फिडल, त्सिंबाली आणि ढोल हा ताफा त्यांच्याबरोबरच आला. दीदोंना कुणी समोर बसवून शिकवलं नाही. लहानपणी बँडला खेटून बसायचं, काठ्या कुठे पडतात ते बघायचं आणि घरी येऊन ते सूर चाचपडत शोधायचे. दुसरी शिकवणी तबकड्यांची. न्यूयॉर्कचे फिडलवादक पाव्लो हुमेनियुक यांची १९२६ची युक्रेनियन लग्नाची तबकडी तुफान खपली होती. तसल्या तबकड्या इथल्या शेतांवरही वाजायच्या.

पण तबकडी चार मिनिटांत संपते, कोलोमिय्का हा लग्नातला नाच संपत नाही. खरं शिक्षण तिथे. सगळे गोल करतात, एकेक जण मध्ये घुसून उकिडवं बसत पाय फेकतो, कुणी उड्या मारतो. वादकाची नजर वाद्यावर नसतेच, नाचणाऱ्याच्या गुडघ्यांवर असते. तो दमला की चाल बदलायची, नवा आला की लय किंचित वाढवायची. मी थोडाफार तबला वाजवतो, साथ म्हणजे काय ते मला माहीत आहे असं वाटायचं. दीदो म्हणतात, सगळ्यात कठीण काम ते नव्हेच. पाहुणे रांगेने येऊन नवरा-नवरीला पाकिटं देतात, तेव्हा रांग संपेपर्यंत तेच ते वाजवत राहायचं. हात भरून येतात आणि कुणी ऐकतही नसतं.

पैसे? वाटणी झाल्यावर पेट्रोल निघायचं, वर थोडं उरायचं. पोट शेतीवरच. साठच्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आल्या. विनिपेगच्या डी-ड्रिफ्टर्स-५ या बँडने तर १९६५ मध्ये बीटल्सची गाणी युक्रेनियनमध्ये काढली. दीदोंनी कुरकुर केली आणि त्सिंबालीला माइक लावून घेतला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण नोटेशनविना वाजवण्याचं आपल्याकडे उगाच कौतुक होतं. रंगमंचावरच्या नृत्यसंस्थांचं संगीत बसवलेलं असतं, तिथे कागद वाचता न येणारा माणूस अडतो. दीदोही अडले होते. नातीला त्यांनी रीतसर क्लास लावलाय. ती कागदावरून वाजवते, दीदो एकदा ऐकतात आणि तिच्या आधी पाठ करून मोकळे होतात. त्यावरून दोघांची रोज भांडणं.