लघुग्रह एकदा सापडल्यावर पुन्हा हरवतो कसा?

तुमचा प्रश्न असा की, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह सूर्याभोवती ठरलेल्या कक्षेत फिरतो, मग खगोलशास्त्रज्ञ 'हरवलेला लघुग्रह' कशाला म्हणतात?

कक्षा ठरलेली असते, पण ती आपल्याला कळलेली असतेच असं नाही. दुर्बिणीतून लघुग्रहाची फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. कक्षा सांगायला सहा संख्या लागतात. एका निरीक्षणातून दोन मिळतात, म्हणजे गणितापुरती तीन निरीक्षणं पुरतात. पण ती लागोपाठच्या रात्रींची असतील, तर मोजमापातली बारीक चूकही कक्षेचा आकार बराच बदलते. आवर्तकाळ, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीला लागणारा वेळ, जरासा चुकला की ती चूक दर फेरीला साचत जाते.

८७८ मिल्ड्रेड या लघुग्रहाचं हेच झालं. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत सेठ निकोलसन आणि हार्लो शॅप्ली यांना तो ६ सप्टेंबर १९१६ रोजी सापडला. शॅप्लींच्या लहानग्या मुलीचं नाव त्याला दिलं गेलं. हाताशी निरीक्षणं थोडी आणि लघुग्रह अतिशय अंधुक. पृथ्वीवरून तो नीट दिसण्याच्या जागी येतो साधारण सोळा-सतरा महिन्यांनी, आणि तोवर नेमकं कुठे बघायचं हेच सांगता येईना. १९९१ मध्ये नव्या छायाचित्रांवरची एक वस्तू म्हणजे मिल्ड्रेडच, हे खगोलशास्त्रज्ञ गॅरेथ विल्यम्स यांनी ओळखलं. त्याची फेरी सुमारे ३.६ वर्षांची, म्हणजे मधल्या ७५ वर्षांत वीसेक फेऱ्या होऊन गेल्या होत्या! ती मुलगी पुढे ग्रहविज्ञानावरच्या ग्रंथांची संपादक झाली, हे मला फार सुंदर वाटतं.

याच पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल, सेरेससुद्धा असाच हातचा जाणार होता. खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना तो १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोहून दिसला, ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याची नोंद ठेवली, मग तो सूर्याच्या उजेडात गेला. तेवढ्याशा तुकड्यावरून चोवीस वर्षांच्या गाऊस या गणितज्ञाने कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ सापडला. माझ्या मते खगोलशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गणितांपैकी हे एक.

आता मात्र घाई होत नाही. नव्या लघुग्रहाला आधी तात्पुरती संज्ञा मिळते. कायमचा क्रमांक मिळतो तो बहुधा चारेक वेगवेगळ्या प्रतियुतींच्या वेळी (म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) तो पुन्हा दिसला आणि कक्षा पक्की झाली, की मगच.