भिंतीतल्या कोनाड्यात ३ फुटी (३ बाय दीड बाय दीड फूट) फिश टँक ठेवायचाय, खालचा स्टँड प्लायचा करू की लोखंडी? खर्च किती येईल?

लोखंडीच करा. आणि घरात कुणी "हॉलमध्ये लोखंड बरं दिसत नाही" म्हणालं तर त्याला आधी विचारा, टाकी भरल्यावर वजन किती होतं.

तुम्ही माप ३ बाय दीड बाय दीड दिलंय. म्हणजे काठोकाठ भरला तर १९० लिटर पाणी, १० एमएमची काच असेल तर ती चाळीसेक किलो, वर वाळू-दगड. अडीचशे किलो कुठे गेले नाहीत, आणि ते रात्रंदिवस वर्षानुवर्षं एकाच जागी बसणार.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने शोकेससाठी असाच कोनाडा सोडलेला. धाकट्या दिरांनी त्यांच्या ओळखीचा इंटिरियरवाला आणला, तो म्हणे पार्टिकल बोर्डचं कॅबिनेट करू, वर पांढरा लॅमिनेट, एकदम क्लीन लूक. मी म्हटलं फ्रेम माझे बाबा करतील. बाबांचं आख्खं आयुष्य कोल्हापुरात उद्यमनगरात फॅब्रिकेशनमध्ये गेलंय. तर भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, हॉल आहे हा, वर्कशॉप नाही." बाबा तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत, खिशातून टेप काढली आणि कोनाडा मोजायला लागले.

ते मोजणं मी बघितलंय म्हणून सांगते. रुंदी एका जागी घ्यायची नसते, तळाला, कमरेएवढ्या उंचीवर आणि वर, तिन्हीकडे पुढे आणि मागे वेगवेगळी घ्यायची आणि सगळ्यात कमी येईल ती धरायची, कारण प्लॅस्टरमुळे कुठलाच कोनाडा गुण्यात (बरोबर काटकोनात) नसतो. आमच्याकडे पुढच्या आणि मागच्या मापात अर्ध्या इंचाच्या वर फरक निघाला. शिवाय खाली स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाला लावलेली टाइलची पट्टी, ते दोन्ही बाजूंनी आत येतं. इंटिरियरवाल्याने एकच माप घेतलं होतं, तेही मध्ये.

बाबांनी दीड इंची चौकोनी पाइप, २ एमएम जाडीचा, वापरला. वरची चौकट थेट पायांच्या डोक्यावर बसवली, म्हणजे वजन वेल्डिंगला लटकत नाही, सरळ पाइपमधून जमिनीवर उतरतं. मध्ये एक आडवा पाइप, पायांना लेव्हलचे बोल्ट, रेड ऑक्साइडचे दोन हात मारून मग ऑइल पेंट. दोन्ही बाजूंना इंचभर मोकळी जागा सोडली, भिंतीला फ्रेम कुठेच टेकवली नाही. (भिंतीत कडाप्पा घुसवून किंवा ब्रॅकेट मारून टँक ठेवायचा विचारही करू नका, फ्लॅटमधली आतली भिंत बहुतेक वेळा चार इंची असते.) फ्रेमवर १८ एमएम मरीन प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टँक. पुढे टीव्ही युनिटच्याच लॅमिनेटची दारं लावली. लोखंड कुणाला दिसतच नाही, मग वर्कशॉप कुठून आलं?

त्याच इंटिरियरवाल्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये एकांकडे पार्टिकल बोर्डचं युनिट केलं. फिल्टर साफ करताना पाणी सांडलं, कडेच्या पट्टीतून आत गेलं, बोर्ड फुगला आणि वरची फळी मध्ये बसली. टँक रिकामा करावा लागला. भावजी अजूनही म्हणतात त्यांनी नीट वापरलं नाही. अहो, टँक आहे तिथे पाणी सांडणारच, ते धरूनच स्टँड करायचा असतो.

कोनाड्यात लोक वरची जागा विसरतात. काचेच्या वर फूटभर तरी सोडा, नाहीतर साफ करायला हात जाणार नाही. मागच्या काचेला लटकवायचा फिल्टर घ्यायचा असेल तर मागे चार-पाच इंच लागतात, त्यापेक्षा कॅनिस्टर (नळ्यांनी टँकला जोडायचा बंद डब्याचा फिल्टर) घेऊन खाली कपाटात ठेवा. सॉकेट टँकच्या बाजूला घ्या, मागे नको, आणि वायर सॉकेटच्या खाली झुकवून मग वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. ३० एमएची (मिलिअँपिअरची) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी ती बसवून घ्या.

हां, दोन फुटी टँक असता तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, फळीखाली मधे उभा पार्टिशन देऊन, चालला असता. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर मात्र साधा ऑइल पेंट पुरणार नाही, इपॉक्सी मारून घ्या. आणि स्लॅबचं: घरांचा स्लॅब कोडप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या वापरभारासाठी (माणसं, सामान यांच्या वजनासाठी) धरतात, तुमच्या टँकचं सगळं वजन अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत आहे. भिंतीलगत, बीमजवळ तीन फुटीला सहसा अडचण येत नाही, पण बिल्डिंग जुनी असेल किंवा पुढे चार फुटीवर जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच.

खर्च तुमच्या गावातल्या लोखंडाच्या भावावर आणि मजुरीवर आहे, तो फॅब्रिकेटरलाच विचारा. फक्त त्याला माप फोनवर देऊ नका, घरी बोलवा. स्कर्टिंग आहे हे फोनवर कुणीच सांगत नाही.