गोचीड चावल्यावर चट्टा आलाय, पण रक्ततपासणी निगेटिव्ह. मग लाइम नाही ना?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवसांपूर्वी गोचीड चावली, मांडीवर लाल चट्टा पसरतोय, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. लाइम हा गोचिडीतून पसरणारा जंतूंचा आजार, पण ही तपासणी ते जंतू शोधतच नाही. त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. लाइम आढळतो अशा भागात गोचीड चावली असेल आणि चट्टा ठसठशीत दिसत असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा तेवढ्यावरच औषध सुरू करतात.

मी स्वतः फसलो तो चट्ट्यापाशीच. गुडघ्यामागे आला, मला वाटलं नायटा. आठवडाभर मलम चोळलं. खाज नाही, दुखणं नाही, तरी शंका आली नाही! शेवटी पेनाने त्याच्या कडेवर रेघ ओढून ठेवली, तर दोन दिवसांत चट्टा रेघेबाहेर चांगला बोटभर सरकलेला. फोटोंत दिसतं तसं मधे फिकट आणि भोवती कडं, असं काही नव्हतं. सरसकट लाल. बऱ्याच जणांचा असाच असतो, आणि काहींना तर चट्टा येतच नाही, नुसता ताप आणि अंगदुखी. गोचीड मला दिसलीच नव्हती. पिल्लू गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी.

चावली म्हणजे लागण झालीच, असंही नाही. लाइमचे जंतू, म्हणजे बोरेलिया, गोचिडीच्या आतड्यात असतात. ती रक्त प्यायला लागली की मग ते लाळेकडे सरकतात, त्यात साधारण दीड-दोन दिवस जातात. म्हणून २४ तासांच्या आत काढली तर धोका फार कमी. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, व्हॅसलिन, पेटती काडी यातलं काही नको.

उपचार तसा साधा आहे. मला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. चट्ट्याच्या टप्प्यावर १० ते १४ दिवसांचा कोर्स पुरतो. गरोदर बाईला सहसा अमॉक्सिसिलिन देतात. नंतर काही महिने थकवा राहू शकतो, पण त्यासाठी अँटिबायोटिक लांबवून फायदा होत नाही. अंगावर काढलं तर मात्र काही महिन्यांनी गुडघा सुजू शकतो. १९७५च्या सुमारास अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या आसपास मुलांमध्ये असा 'संधिवात' दिसला, त्यावरूनच हे नाव पडलं.

आजच चट्ट्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जा. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, चक्कर आली किंवा छातीत धडधडलं, तर थेट इस्पितळ गाठा.