बॉब स्टॉक्सडेल यांना वुडटर्निंगचे प्रणेते का म्हणतात? त्यांनी तर फक्त वाडगेच केले ना?

प्रश्न रास्त आहे. प्रणेते म्हणून नाव ऐकावं आणि फोटो पाहावेत तर नुसते वाडगे. ना कोरीवकाम, ना रंग. मी स्वतः लेथवर, म्हणजे लाकूड फिरतं ठेवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणारा आहे (यालाच वुडटर्निंग म्हणतात) आणि स्टॉक्सडेल यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यांचा जन्म 1913 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हत्यार हाती घ्यायला नकार दिला. अशा लोकांना तेव्हा सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिसच्या छावण्यांमध्ये पाठवत. तिथे जंगलातली वगैरे कामं करावी लागत आणि त्याचा पगार मिळत नसे. त्या छावणीतच ते वाडगे कातायला लागले. युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत स्थायिक झाले आणि घराच्या तळघरातच त्यांनी आपला लेथ मांडला. पुढची कित्येक दशकं काम तिथेच चाललं. त्या काळी लाकूड कातायचं ते बहुतेक जिन्याच्या कठड्यांसाठी आणि खुर्च्या-टेबलांच्या पायांसाठी. वाडगे कातून पोट भरायचं आणि तेच वाडगे पुढे संग्रहालयांनी मागून घ्यायचे, ही वाट तेव्हा जवळजवळ नव्हतीच. जेम्स प्रेस्टिनी यांनी त्यांच्या आधी अतिशय पातळ भिंतीचे वाडगे केले होते, त्याचं श्रेय प्रेस्टिनींना द्यायलाच हवं. पण प्रेस्टिनींच्या कामात आधी आकार डोळ्यात भरतो. स्टॉक्सडेल यांनी लाकडालाच पुढे आणलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

हे कसं, ते लेथपाशी उभं राहिल्याशिवाय चटकन लक्षात येत नाही. वाडग्यासाठी ठोकळा असा चढवतात की लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला आडवे राहतात. त्यामुळे ठोकळ्याच्या दर फेऱ्यात पटाशीसमोर दोनदा तंतूंची टोकं येतात. धार थोडी जरी बोथट असली किंवा हात चुकीच्या कोनात असला, तर तिथले तंतू कापले न जाता उचकटतात आणि खरबरीत पट्टा उठतो. भिंत पातळ होत गेली की आणखी एक अडचण: वाडगा पटाशीखाली थरथरायला लागतो. आणि त्यात लाकूड आबनूसासारखं कठीण आणि महाग असेल, तर शेवटचा हात फिरवताना श्वास रोखला जातो. स्टॉक्सडेल असलीच लाकडं आवडीने घेत.

पण हे झालं हातातलं कसब. ते पुष्कळांनी कमावलं. अवघड असतो तो त्याआधीचा निर्णय, ओंडका चिरतानाचा. एकाच ठोकळ्यातून साल वरच्या बाजूला ठेवून वाडगा काढला तर सालीजवळचं फिकट लाकूड काठाशी येऊ शकतं. ठोकळा उलटा केला तर तेच बुडाकडे जातं आणि वलयांची नक्षीही पार बदलते. काळ्याभोर गाभ्याच्या वाडग्यावर फिकट लाकडाचा एक झोत कुठून सुरू व्हावा, कुठे संपावा, हे लेथ सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. त्यांच्या वाडग्यांत तो झोत इतका नेमका पडलेला असतो की झाड त्यासाठीच वाढलं असावं असं वाटतं! माझ्यासारख्याला हे पाहून फार शिकायला मिळतं, कारण एकदा करवत चालली की हा निर्णय परत घेता येत नाही.

आणखी एक सवय मला फार आवडते. वाडग्याच्या बुडाशी ते सहीबरोबर लाकडाचं नाव आणि ते कुठून आलं तेही लिहीत. करणाऱ्याच्या नावाइतकाच मान झाडाला.

के सेकिमाची यांच्याबद्दल लिहिलं नाही तर उत्तर अपुरं राहील. 1972 मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या जपानी-अमेरिकन, धाग्यांच्या कामातल्या तितक्याच थोर कलाकार. युद्धकाळात एक जण लढायला नकार दिला म्हणून छावणीत, तर दुसरी जपानी वंशाची म्हणून किशोरवयातच युटा राज्यातल्या टोपाझच्या नजरकैदेच्या छावणीत. पुढे सेकिमाचींनी स्टॉक्सडेल यांच्या लाकडी वाडग्यांचाच साचा करून कागदाचे वाडगे घडवले. मूळ वाडग्यांचा आकार इतका स्वच्छ होता की लाकूड काढून घेतलं तरी तो टिकून राहिला. साधेपणावर शंका घेणाऱ्यांनी हे कागदी वाडगे जरूर पाहावेत.

जानेवारी 2003 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी स्टॉक्सडेल गेले. त्यांच्याच पिढीतले लाकूड कातणारेही आगेमागे गेले: मेल लिंडक्विस्ट 2000 मध्ये, रूड ओसोलनिक 2001 मध्ये आणि प्रचंड आकाराचे वाडगे कातणारे वास्तुविशारद एड मोल्थ्रॉप 2003 मध्येच. तीन-चार वर्षांत एक अख्खी पिढी गेली. नंतरचे लोक वाडग्याच्या पलीकडे गेले. कुणी भिंतीला जाळी पाडली, कुणी लाकूड जाळलं, रंगवलं, शिल्पं केली. त्यातलं पुष्कळसं मला आवडतं. पण कातीव लाकडाकडे कला म्हणून बघायची आणि त्याला तशी किंमत मोजायची सवय लोकांना आधी लागावी लागते. ती लावणाऱ्यांत स्टॉक्सडेल पहिल्या फळीत होते, आणि तेही वाडगा न सोडता.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात त्यांचे वाडगे आहेत. बघताना बाजूने घेतलेले फोटो निवडा. वरून घेतलेल्या फोटोत नक्षी दिसते, पण इवल्याशा बैठकीवरून भिंत काठापर्यंत कशी चढत जाते ते कळत नाही, आणि त्यांचं निम्मं काम त्या चढात आहे.