संगणक-शंका : आपल्या लॅपटॉपवर चालतो, दुकानात अडतो

प्रश्न : क्यूटी ६ (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याची साधनपेटी) वापरून म्हापशातल्या एका दुकानासाठी बिलांचा प्रोग्राम केला. लॅपटॉपवर उत्तम चालतो. दुकानातल्या विंडोज संगणकावर 'क्यूटी६कोअर.डीएलएल सापडली नाही' असं आलं. ती आणि आणखी काही फाइल्स इंटरनेटवरून उतरवून ठेवल्या, तर आता प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू होत नाही म्हणतो. – एक वाचक, फोंडा

उत्तर : उतरवलेल्या सगळ्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइल्स, आधी काढून टाका. त्या कोणत्या कंपायलरच्या (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या), कोणत्या आवृत्तीच्या, हे कळत नाही. ६४ बिटच्या प्रोग्रामशेजारी ३२ बिटची एक जरी आली तरी तो उघडतच नाही.

प्लगइनची अडचण मात्र वेगळ्या जातीची आहे. क्यूटीच्या कोअर, गुई, विजेट्स या डीएलएलची नावं एक्झीमध्येच (प्रोग्रामच्या मुख्य फाइलमध्ये) नोंदलेली असतात, म्हणून त्या नसल्या की विंडोज दारातच हटकतं. क्यूविंडोज.डीएलएल ही, म्हणजे विंडोजवर खिडकी उघडून देणारी प्लॅटफॉर्म प्लगइनची फाइल, प्रोग्राम सुरू झाल्यावर क्यूटी स्वतः शोधते. त्यामुळे एक्झीला लागणाऱ्या फाइल्सची यादी काढली तरी तिचं नाव त्यात येत नाही. शिवाय ती एक्झीजवळच्या 'प्लॅटफॉर्म्स' या उपफोल्डरात हवी; नुसती शेजारी ठेवून भागत नाही.

हाताने जुळवाजुळव करूच नका. रिलीज बिल्ड (गिऱ्हाइकाला द्यायची आवृत्ती) करून एक्झी रिकाम्या फोल्डरात ठेवा. ज्या किटने (कंपायलर आणि क्यूटीच्या जोडीने) बिल्ड केलं त्याच किटचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'विनडिप्लॉयक्यूटी'पुढे एक्झीचा पत्ता देऊन एंटर दाबा; हे क्यूटीचंच साधन लागणाऱ्या फाइल्स एक्झीजवळ आणून ठेवतं. बिलं एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये साठवत असाल तर 'एसक्यूएलड्रायव्हर्स' फोल्डरात क्यूएसक्यूलाइट.डीएलएल आली का, हे जरूर पाहा. नसेल तर खिडकी छान उघडते आणि पहिलं बिल साठवतानाच 'ड्रायव्हर नॉट लोडेड' येतं, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

लॅपटॉपवर क्यूटीचं बिन फोल्डर पाथमध्ये (विंडोज फाइल्स शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) असलं की ही उणीव झाकली जाते. म्हणून नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पाथ फक्त विंडोजच्या सिस्टिम३२ पुरता ठेवून तिथूनच प्रोग्राम चालवा. चूक फोंड्यातच सापडेल.

प्रश्न : उबुंटूवर असाच संदेश येतो, 'एक्ससीबी' या, लिनक्सवर खिडकी दाखवणाऱ्या प्लगइनबद्दल. फाइल तर जागेवर आहे. – एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : फाइल आहे, पण तिला लागणारी दुसरी लायब्ररी नसावी. एलडीडी ही, लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दाखवणारी आज्ञा तुमच्या प्रोग्रामवर नको, लिबक्यूएक्ससीबी.एसओ या प्लगइनवर चालवा आणि 'नॉट फाउंड' असलेल्या ओळी बघा. क्यूटी ६.५ पासून लिबएक्ससीबी-कर्सर० लागते. बहुधा तीच नसेल. एपीटीने (उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने) बसवा.